रायना चोलाकोवाची बरणी

"चौथ्या मजल्यावरच्या रायनानं पाचोळा पाळलाय," असे आमच्या इमारतीच्या दारापुढील बाकावर बसणारे लोक म्हणत असत. "माणसं मांजर पाळतात, कुत्रं पाळतात. हिच्या कपाटात वाळकी पानं. आणि ल्यूबेन बिचारा एकटाच खारवलेल्या कोबीचं पिंप ढवळत बसतो." सूर्यफुलाच्या बियांची टरफले टाकता टाकता हे बोलणे चाले. रायना समोरून आली तरी कोणी आवाज खाली करीत नसे. कारण ऐकण्यापुरतीही ती तेथे थांबणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

थांबणे तिच्या स्वभावातच नव्हते. ती जेवे ती उभ्याने, एक डोळा खिडकीबाहेर ठेवून. बाकावर बसलेली ती मला कधी दिसली नाही. कोणी आग्रहाने राकी या फळांच्या दारूचा पेला हाती दिलाच, तर तो एका हातात धरून ती दुसऱ्या हाताने कुंपणाची पाने तोडी, चुरगाळून हुंगे आणि टाकून देई. तिचा नवरा ल्यूबेन आमच्या बल्गेरियातल्या प्लोवदिव शहराच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवीत असे. तो म्हणे, "माझी बस निदान थांब्यावर तरी थांबते."

अशा बाईच्या वाट्याला नेमके वाट पाहण्याचे काम आले होते. शहरातील एका वनस्पतिसंशोधन संस्थेत ती संशोधक होती आणि तिने सारे आयुष्य एकाच झाडाला वाहिले होते. ते झाड रोडोपी डोंगरात, माझ्या गावाजवळच्या घळीत, सावलीतल्या कड्यांना चिकटून वाढते. पुस्तकांत त्याला हाबेर्लिया म्हणतात. गावात आम्ही त्याला नुसते कड्यावरचे झाड म्हणत असू. उन्हाळा कडक गेला की त्याची पाने आक्रसून मळकट होतात आणि खडकावर खपलीसारखी पडून राहतात. पाऊस झाला की एक-दोन दिवसांत ती पुन्हा हिरवी आणि ताठ. लहानपणी आम्हाला यात काही नवल वाटले नाही. शेळ्या त्याला तोंड लावीत नसत, तेव्हा आमचेही तिकडे लक्ष नसे.

रायनालाही त्याच्या पुन्हा हिरवे होण्याचे नवल नव्हते. तिचा प्रश्न निराळा होता, आणि तो तिने मला एकदा जिन्यात, दोन पायऱ्या वर आणि एक खाली करीत समजावून सांगितला.

"शेजारी, समजा तुम्ही घर बंद करून वर्षानुवर्षं बाहेर राहिलात. परत आल्यावर तुमची भांडीकुंडी कपाटात असतात, की सगळं नवं आणावं लागतं?"

"बांधून ठेवली असतील तर असतात."

"तेच माझं म्हणणं. पान वाळता वाळता साखर साठवतं, स्वतःला सांभाळणारी प्रथिनं बनवतं. ती तशीच टिकतात, असं मी म्हणते. आमचे काम्बुरोव साहेब म्हणतात, छे, इतक्या वर्षांत ती मोडून जातात. पाणी मिळालं की झाड नवी बनवतं."

"मग पाणी घालून बघा की."

"तिथंच तर घोळ आहे. पाण्याचा स्पर्श झाला की पान कामाला लागतं. मग जुनं किती आणि नवं किती, कोण सांगणार? मला असं पान हवं, की ज्याला ओलीचा वाससुद्धा लागलेला नाही."

वर्षानुवर्षे कोरडी राखलेली अशी पाने, मुळांसकट वाळलेली रोपेच, तिच्यापाशी एकाच बरणीत होती. बरणीच्या तळाशी ओल शोषणारे निळे खडे होते. ओल आत शिरली तर ते गुलाबी होतात. ते अजून निळे आहेत ना, हे ती सकाळी पाही, कामावरून आल्यावर पाही आणि भांडी घासता घासता हात पुसून पुन्हा जाऊन पाही. बरणी उघडून चालणार नव्हते आणि पाहिल्यावाचून तिला चैन पडत नव्हते.

ही बरणी संस्थेतून तिच्या घरी आली, ती नव्वदच्या दशकातल्या एका वाईट हिवाळ्यात. संस्थेच्या खोल्या उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ गार पडले, कोठीच्या भिंतींना बुरशी आली. आमच्या इमारतीत तोवर लोकांनी खिडकीतून धुराडे काढून लाकडाचे स्टोव्ह बसविले होते, त्यामुळे रायनाची झोपायची खोली संस्थेपेक्षा कोरडी होती. दिवसा दोघेही कामावर जात. म्हणून दुपारी स्टोव्हमध्ये लाकूड घालण्यासाठी तिने घराची किल्ली तळमजल्यावरच्या त्रेंदाफिला आजींकडे दिली.

मार्चमध्ये राजधानी सोफियाला बैठक ठरली. प्रथिने मोजण्याचे यंत्र तिथेच होते, आणि त्यावर काम करण्याची रायनाची पाळी मोठ्या मिनतवारीने लागली होती. काम्बुरोव साहेबांचा लहानसा विभाग ठेवायचा की मोडायचा, हेही त्याच बैठकीत ठरायचे होते. बरणीतल्या पानाने उत्तर दिले, तर विभाग राहणार होता. त्या दिवसांत रायना जिन्यातून इतक्या वेळा वरखाली करी, की बाकावरची मंडळी म्हणत, "लिफ्ट दुरुस्त करायची गरजच काय, हिच्यात बसून जाऊ."

निघायच्या दिवशी सकाळी मी तिची पेटी खाली आणून दिली. पेटीत पेंढ्यामध्ये ती बरणी आणि तुलनेसाठीच्या इतर बरण्या रचलेल्या होत्या. आदली रात्रभर रायना संस्थेतच बैठकीचे कागद जुळवीत होती, म्हणून पेटी पहाटे ल्यूबेनने भरली होती. मग तो बस घेऊन गेला होता, म्हणून मी तिला स्टेशनपर्यंत सोडणार होतो.

दारात त्रेंदाफिला आजी उभ्या होत्या. परीक्षेला, लष्करात, इस्पितळात, लग्नाला, आमच्या इमारतीतले कोणीही निघाले की आजींनी तांब्याच्या कळशीतले पाणी त्याच्या पायांपुढे ओतायचे, हे ठरलेले होते. काम पाण्यासारखे वाहत जावे, एवढाच त्याचा अर्थ. कळशीत लाल दोऱ्याने बांधलेली हिरवी डहाळी हवीच. आजींनी कळशी उचलली, पाणी पायरीवर ओतले आणि समाधानाने म्हणाल्या, "जा पोरी. पाण्यासारखं होऊ दे सगळं."

रायनाने पाण्यावरून पाय टाकला आणि ती थांबली. तिला थांबलेले मी तेव्हा प्रथम पाहिले. ती कळशीत पाहत होती.

"आजी, हे काय आहे?"

"काय म्हणजे? थंडीनं माझ्या साऱ्या कुंड्या जाळल्या. नुसत्या पाण्यानं कुणाला पाठवू? काल लाकूड घालायला वर गेले होते, तुझ्या बरणीतलं एक उचललं. वाळकंच होतं, म्हटलं दिसायला तरी असू दे. आणि बघ तर, रात्रीत कसं उमललं. किती चांगला शकुन."

कळशीत, लाल दोऱ्यात, कड्यावरचे झाड पाने पसरून बसले होते.

"कुठल्या बरणीतलं?"

"पुढं होती तिच्यातलं. ते झाकण काही मला पुन्हा बसलं नाही बाई. फडकं बांधून ठेवलं नीट."

"झाकण मग सकाळी कुणी लावलं?"

"ल्यूबेननं लावलं असेल. शहाणा आहे तो."

रायनाने पायरीवरच पेटी उघडायला लावली. "मागं वळू नकोस, अपशकुन होतो," आजी म्हणत राहिल्या. तिने पेंढा उपसला आणि बरणी उजेडात धरली. खडे गुलाबी होते. ज्या खोलीत रात्री कोबीचे पिंप उघडून सूप उकळले जाते, तिच्या शेजारच्या खोलीत नुसत्या फडक्याने किती ओल अडणार.

ती ओरडेल असे मला वाटले. तिने बरणी परत ठेवली, पेंढा दाबला आणि म्हणाली, "चला, गाडी चुकेल." स्टेशनपर्यंत ती माझ्यापुढे इतक्या वेगाने चालली, की पेटी घेऊन मला धावावे लागले.

फलाटावर काम्बुरोव साहेब भेटले. त्यांचे निवृत्तीचे वर्ष होते. हातात बायकोने दिलेल्या बानित्साची, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्रेदार भाजणीची, पुडी होती. रायनाने घडले ते सांगितले. त्यांनी बरणी पाहिली, मग इकडे तिकडे पाहिले.

"खडे बदलता येतील," ते म्हणाले. "निळे आहेत का जवळ?"

"आहेत."

"मग बदल. पानं दिसायला कोरडीच आहेत."

"दिसायला. रात्रभर ती ओल पीत होती, साहेब."

"अगं, पण यात तोटा कुणाचा? नवी प्रथिनं बनली असतील, तर यंत्र ती दाखवेल, आणि सगळे ती जुनीच समजतील. तुझंच म्हणणं खरं ठरेल. मी हरेन, आणि मला चालेल. विभाग राहील. तुला दुसरं काय पाहिजे?"

रायना फलाटाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. काम्बुरोव साहेब मला म्हणाले, "हिला तुम्ही तरी सांगा. तुम्ही शाळेत शिकवता, लोक तुमचं ऐकतात." मी सांगितले नाही. गाडी फलाटाला लागत होती तेव्हा ती आमच्यापाशी आली.

"तुम्ही इतकी वर्षं माझ्याशी भांडलात," ती त्यांना म्हणाली. "आता तुम्हाला असं खोटं हरवायचं? मला नाही जमायचं."

"हट्टी आहेस."

"आहे. पुडी इकडे द्या, भूक लागली आहे."

सोफियाला जे झाले ते पुढे काम्बुरोव साहेबांनीच बाकावर बसून सांगितले. निवृत्तीनंतर ते अधूनमधून आमच्याकडे राकी घ्यायला येत. रायनाने बैठकीत बरणी टेबलावर ठेवली, ते खडे गुलाबी का झाले हे सांगितले आणि यंत्रावरची आपली पाळी परत केली. कोणीतरी हसले. कोणीतरी विचारले, की शेजारणीला संशोधनाची किल्ली देण्याची संस्थेत पद्धत आहे काय. विभाग मोडला. रायनाला पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रात्यक्षिक घ्यायला पाठविले आणि तळघरात एक कपाट दिले. त्याच आठवड्यात ती माझ्या गावच्या घळीतून, रीतसर परवानगीने, नवी रोपे घेऊन आली. ती वाळायला ठेवली, निळे खडे घातले आणि पुन्हा दिवसातून कितीदा तरी कपाट उघडू लागली. फरक एवढाच, की कपाटाला आता कुलूप होते आणि किल्ली तिच्या गळ्यात.

बाकावरचे बोलणे मात्र उलटले. आजींनी कळशीतले रोप कुंडीत लावून खिडकीत ठेवले, आणि साऱ्या गल्लीला रायनाने मेलेले झाड उठविल्याची बातमी लागली. लोक आपापली सुकलेली जिरेनियम घेऊन चौथा मजला चढू लागले. कोणी एकाने लिंबाचे खुंट आणले. "बाई, तुमच्याकडे काहीतरी औषध आहे म्हणे." रायना दारातच सांगे, "मेलं आहे. टाकून द्या." तरी लोक समजत, की ती गुपित सांगत नाही. ज्यांनी तिला पाचोळा पाळणारी म्हटले होते, तेच आता पाहुण्यांना तिची खिडकी बोटाने दाखवीत. आणि या कौतुकाने ती पूर्वीच्या टोमण्यांपेक्षा अधिक अस्वस्थ होई. जिन्यात कोणी "शाबास" म्हटले, की ती दोन-दोन पायऱ्या चढून जाई.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात आजींच्या खिडकीतल्या झाडाला फिकट जांभळी फुले आली. रायना कामावरून येत होती. आजींनी तिला खिडकीतूनच हाक मारली. मी बाकावर होतो.

"ये, ये, बघ तर. तू माझ्याशी वर्षभर धड बोलली नाहीस. मी काय तुझं वाईट चिंतलं होतं? पाणी ओतलं, चांगलंच झालं. बघ, जगलं की नाही?"

रायना खिडकीपाशी आली. बोटाने तिने एक पान उलटे करून पाहिले, एक सुकलेले फूल खुडले आणि हुंगले.

"जगणार हे मला ठाऊकच होतं, आजी. मला ते कोरडं हवं होतं."