उलटा हत्ती

मी पंच असलेल्या स्पर्धेत खेळू नका, असं मी अण्णांना तीनदा सांगितलं होतं. एकदा गोडीत, एकदा चिडून आणि एकदा त्यांनी फॉर्म भरून टाकल्यावर. नाशिकमध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धांना काही तोटा नाही, दर दुसऱ्या रविवारी कुठल्या ना कुठल्या कार्यालयात पट मांडलेले असतात. पण अण्णांना पंचवटीतलीच स्पर्धा हवी होती, कारण ती घरापासून चालत पाच मिनिटांवर आणि दुपारी घरी येऊन गरम जेवता येतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून एकाच गोष्टीच्या मागे लागलेत: आंतरराष्ट्रीय रेटिंगच्या यादीत आपलं नाव यावं. कशाला हवंय, विचारलं तर म्हणतात, "असावं." त्यासाठी लागणारे डाव त्यांचे खेळून झाले होते. आता फक्त रेटिंग असलेल्या खेळाडूकडून निदान अर्धा गुण काढायचा होता. म्हणजे एक बरोबरी. ती काही होत नव्हती.

खेळ येत नाही म्हणावं तर तसंही नाही. रोज सकाळी चहाबरोबर ते विश्वविजेत्यांचे जुने डाव मांडतात आणि त्यांच्या चुका काढतात. "इथे घाई केली गड्याने," म्हणतात. मोबाईलवरच्या बुद्धिबळाच्या इंजिनाने विश्वविजेत्याची बाजू घेतली, तर इंजिनही चुकलेलं असतं. स्वतःच्या डावात मात्र तिसाव्या चालीपर्यंत झकास खेळतात. मग शेजारी कुणीतरी खोकतं, यांचं डोकं फिरतं आणि हातचा डाव जातो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता खोकणाऱ्याचाही राग येतो.

मी मुद्दाम शेवटची टेबलं मागून घेतली होती. तिथे हरलेले येतात आणि अण्णा इतके हरणार नाहीत असा माझा हिशोब. अण्णा हरत हरत पाचव्या फेरीला नेमके माझ्याच टेबलावर येऊन बसले. समोर कळवणचे एक गणिताचे सर. रेटिंगवाले, पण त्यांचाही दिवस वाईट होता.

तासाभराने सरांनी हात वर केला. मी गेले. पटावर अण्णांचा राजा, सरांचा एकटा कडेला गेलेला राजा आणि वरच्या घरात एक उलटा ठेवलेला हत्ती. अण्णांचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं होतं. मेलेला वजीर शेजारच्या टेबलवाल्याने नेलेला, म्हणून यांनी मेलेला हत्ती उलटा करून ठेवला, "वजीर" म्हणाले आणि घड्याळ दाबलं. घरोघरी असंच चालतं. आमच्याही घरी तसंच. पण स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच असतो. वजीर हवा असेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागायचा. हा नियम मी सकाळी माईकवर सांगितला होता आणि तेव्हा अण्णा चहाला गेले होते.

"मॅडम, हे काय धरायचं?" सरांनी विचारलं.

मी पट पाहिला. तिथे वजीर असता, तर सरांच्या राजाला शह नव्हता, पण हलायला एकही घर नव्हतं. म्हणजे डाव तिथेच बरोबरीत. हत्ती धरला, तर राजाला एकच घर उरत होतं, आणि तो तिथे गेला की हत्तीच्या पुढच्या चालीला मात.

मुख्य पंच खाली पालकांशी भांडत होते. निर्णय मलाच द्यावा लागणार होता, आणि नियम माझ्या वडिलांना डाव जिंकून देत होता.

"हत्ती," मी म्हणाले.

"मी वजीर म्हणालो," अण्णा म्हणाले. "यांना विचार."

"म्हणाले खरं काका," सर अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाले. "माझी वजिराला काही हरकत नाही."

कशाला असेल हरकत? वजिरात त्यांचा अर्धा गुण वाचत होता. पण अण्णांना वाटलं, बघा, समोरचा परका माणूस एवढा सज्जन आणि पोटची पोरगी अशी.

"नियमाप्रमाणे हत्तीच," मी पुन्हा म्हणाले. पटाकडे बघा, एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. पंचाला ते बोलता येत नाहीत.

"मग ठेव तुझा नियम तुझ्यापाशी." त्यांनी घड्याळ बंद केलं, सरांच्या हातात हात दिला, डाव सोडला म्हणाले आणि स्कोअरशीट ओढून हरल्याची सही केली. सरांनी आपली सुटका झाल्याचं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

वजीर धरला असता तरी यादीत नाव लागत होतं. हत्ती धरला असता तरी लागत होतं. या माणसाने राहिलेली तिसरी वाट शोधून काढली.

घरी येताना भाजीबाजारातून ते माझ्या पुढे दहा पावलं चालत होते. घरात शिरताच त्यांनी पट मांडला. "ये. काय घालवलंस ते दाखवतो." प्याद्याच्या जागी वजीर ठेवला आणि सरांचा राजा हलवायला हात पुढे केला. हात राजावरच राहिला. मग त्यांनी वजीर काढून हत्ती ठेवला, राजा एक घर सरकवला आणि हत्तीने मात केली. पुन्हा मागे नेऊन पुन्हा केली.

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

आता हे म्हणणार, मग सांगितलं का नाहीस. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पंचाने पटावरचं सांगायचं नसतं, सर समोर बसले होते, लोक काय म्हणाले असते, सगळं. इतक्या वर्षांचा सगळा वैताग त्या उत्तरात घालणार होते मी.

अण्णा सोंगट्या डब्यात भरत होते. "नाही सांगितलंस ते बरोबरच केलंस," ते म्हणाले. "पण सकाळी ती लहान मुलगी रडत डाव सोडत होती, तिला तू म्हणालीस, आधी पाणी पिऊन ये, मग सही कर. मी शेजारच्याच टेबलावर होतो. मला काही पाण्याचं विचारलं नाहीस."

नव्हतं विचारलं. डाव सोडणाऱ्या प्रत्येकाला मी ते विचारते. त्यांच्या जागी दुसरं कुणीही असतं, तर विचारलं असतं.