पेट्यांचा बाक

कुमुदताई गेल्या, ही बातमी मला टुनूने आणून दिली. शाळेत सातवीचा तास चालू होता. दारात टुनू उभी, पदर खोचलेला, चेहरा नुकताच धुतलेला. "माशीमा आर नेइ," मावशी आता नाहीत, एवढंच ती म्हणाली आणि मी खडू खाली ठेवायच्या आत पुढचंही सांगून मोकळी झाली... भाऊसाहेबांजवळ मी बसते, तुम्ही तास संपवून या, येताना त्यांना खायला काहीतरी आणा, सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतलेला नाही. आणि तरातरा जिना उतरून गेली. शाळेच्या कचेरीत फोन आहे, निरोप ठेवता आला असता. पण ही मुलगी ट्रामने येऊन मला तोंडावर सांगून गेली. हे तिला कुमुदताईंनी शिकवलं होतं, आणि ते शिकवण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती. आता सहा-सात आठवडे झाले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

टुनू हे तिचं खरं नाव नव्हे. तिचं खरं नाव आणि घर तिचं तिच्याजवळ राहू दे.

आमचं घराणं आजोबांपासून कलकत्त्याचं. इथल्या मराठी मंडळात दोन जाती असतात हे मला परकरात असल्यापासून ठाऊक आहे: कायमचे आणि बदलीवाले. कायमचे गणपतीची आरास करतात, आणि बदलीवाले ती पुण्याला कशी करतात ते सांगतात. कुमुदताई बदलीवाल्या. अडुसष्टच्या सुमारास त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. त्यांचे यजमान भाऊसाहेब केंद्र सरकारच्या नोकरीत, कमी बोलणारे, कशालाच नाही न म्हणणारे. मूलबाळ नव्हतं. ताई मुंबईला मानसशास्त्र शिकलेल्या, आणि रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बराकपूरला मुलींचा एक आश्रम आहे हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं. घरच्याच माणसांनी ज्यांची दैना केली अशा मुली तिथे होत्या. ताईंना बंगाली येत नव्हतं, मला येत होतं. "विमल, गुरुवारी तुला अर्धीच शाळा असते ना?" असं विचारून त्यांनी मला सियालदह स्टेशनवरून बराकपूरच्या गाडीत बसवलं, ते पुढे कित्येक वर्षं.

टुनू तेव्हा आठेक वर्षांची होती. खाटेवर न झोपता खाटेखाली झोपायची. खांद्यावर हात पडला की लाकडासारखी ताठ व्हायची. तिच्या काकाने तिचं काय केलं होतं ते तिथल्या बाईंनी मला दोन वाक्यांत सांगितलं. मी ते ताईंना मराठीत सांगितलं. आता ताई मुलींना एकेक करून बोलावतील, प्रश्न विचारतील अशी माझी समजूत. त्यांनी स्वयंपाकघरातून सूप मागून घेतलं, व्हरांड्यातल्या खांबाशी बसल्या आणि रेशनचे तांदूळ निवडायला लागल्या. त्या दिवशीही, पुढच्या गुरुवारीही, त्याच खांबाशी, त्याच वेळी. आश्रमाच्या बाईंना वाटलं, एवढी शिकलेली बाई आणि हे काय! शेवटी न राहवून मीच विचारलं. ताई म्हणाल्या, "जिला माणसाच्या नजरेचीच धास्ती बसलीय तिला समोर बसवून मी काय विचारू? माझी नजर खड्यांवर आहे हे तिला दिसू दे."

टुनू आधी लांबच्या खांबामागे असायची. मग अलीकडच्या. मग एके दिवशी एक बारका हात सुपात आला आणि एक खडा उचलून गेला. मी हरखले. ताईंनी वरसुद्धा बघितलं नाही.

पण जवळ आली आणि मुलगी बिघडलीच. ताईंच्या चपला लपवायची, निवडलेले तांदूळ अंगणात उधळायची. एकदा निघायच्या वेळी ती ताईंना बिलगली आणि दुसऱ्याच क्षणी मनगटाला कडकडून चावली. परतीच्या गाडीत मी संतापले होते. ताई मनगटाला रुमाल गुंडाळून बसल्या होत्या. "अगं, जवळ यावं तर भीती आणि लांब जावं तर त्याहून जास्त भीती," त्या म्हणाल्या, "मग तिने करायचं तरी काय? आपण गुरुवारी यायचं." एका बंदच्या दिवशी गाड्याच सुटल्या नाहीत तेव्हा पुढच्या खेपेला त्यांनी सबब सांगितली नाही. मी आले नाही, तू वाट बघितलीस, तुझं रागावणं बरोबर आहे, एवढं मला बंगालीत सांगायला लावलं.

याच सुमारास आमच्या मंडळाला आश्रमाचा पुळका आला. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला फ्रॉक. एका बँकेतल्या साहेबांच्या बायकोला टुनूचा फारच लळा लागला. बाई मनाची प्रेमळ, त्यात खोट नव्हती. दर रविवारी टुनूला घरी न्यायच्या, न्हाऊ घालायच्या, दोन वेण्या घालायच्या. ताईंनाही ते आवडलं होतं. मग साहेबांची बदली हैदराबादला झाली. मुलीला वाईट वाटेल म्हणून बाई काही न सांगताच निघून गेल्या. पुढचे कितीतरी रविवार टुनू न्हाऊन-माखून फाटकाशी उभी राहायची. मग एक दिवस तिने शिवणाच्या वर्गातली कात्री घेतली आणि दोन्ही वेण्या कापून टाकल्या. पुन्हा खाटेखाली झोपायला लागली.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हळदीकुंकवाचा विषय चालला होता. ताई मध्येच उठल्या आणि झालेलं सगळं सांगितलं. बायका दुखावल्या. एक जण म्हणाली, "म्हणजे आम्ही त्या मुलींवर प्रेम करायचंच नाही की काय?"

"करा ना," ताई म्हणाल्या. "पण जाणार असाल तर आधी तोंडावर सांगून जा. रडू दे तिला तुमच्यासमोर. ते बघायची तयारी नसेल तर लाड करू नका, तांदूळ निवडायला या."

तांदूळ निवडायला कुणी आलं नाही. ताईंशी बरेच दिवस कुणी धड बोललंही नाही. ताईंना त्याचं काही वाटलं असेल असं मला दिसलं नाही.

आणि मग त्यांचीच पाळी आली. ते सत्तर-एकाहत्तरचे दिवस. शहरात रोज काहीतरी पेटलेलं, गाड्या मध्येच थांबायच्या, अंधार पडायच्या आत घर गाठायचं. कलकत्त्याहून बदली मिळाली म्हणजे लोक पेढे वाटत. भाऊसाहेबांना नागपूर मिळालं. पूजेच्या सुट्टीत टुनू ताईंकडे राहायला आली होती आणि भाऊसाहेब गॅलरीत सामानाच्या लाकडी पेट्या काढून त्यांच्यावर 'नागपूर' रंगवत बसले होते. बदलीवाल्यांच्या घरी या पेट्या कधी मोडत नाहीत. त्यांच्यावर काळ्या रंगात साहेबाचं नाव असतं, आणि जुन्या गावावर काट मारून नवं गाव. टुनूला त्या ओळखीच्या होत्या. बँकेतल्या बाईंकडे शेवटच्या रविवारी तिने अशाच पेटीवर बसून शिरा खाल्ला होता, तेव्हा तिला अर्थ कळला नव्हता. आता कळला. मी पोह्यांची ताटली घेऊन तिथेच उभी होते. ती रडली नाही, चावलीही नाही. ताईंकडे वळून तिने फक्त विचारलं, "कबे?"

कधी?

ताईंनी कसलीही सारवासारव केली नाही. मोडक्या बंगालीत म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. ठरलं की सगळ्यांत आधी तुला सांगीन."

नवराबायकोंत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दोन दिवस वर अगदी सामसूम होती. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः खाली आले आणि मला ओळखीचा सुतार आहे का विचारलं. म्हणाले, "नागपूरला मला एक पेटी पुरते. बाकीच्यांचा एक बाक करून घ्यावा म्हणतो." सुताराने पेट्या फोडल्या तेव्हा टुनू त्याच्याशेजारी खिळे घेऊन बसली होती. एकेक फळी निखळताना तिने बघितली. अक्षरं पुसायची का असं सुताराने विचारलं, तर तिनेच नको म्हटलं. त्यामुळे 'नाग' बसायच्या फळीवर राहिलं आणि 'पूर' उलटं होऊन पायात गेलं.

भाऊसाहेब एकटे नागपूरला गेले. सासरहून पत्रांवर पत्रं आली, नवराबायकोंत बिनसलंय असं मंडळात ठरून गेलं. भाऊसाहेब रजा जमवून येत आणि त्या बाकावर बसून पेपर वाचत. निवृत्त झाले आणि इथेच परतले. टुनू हळूहळू खाटेवर झोपायला लागली, मॅट्रिक झाली, कलकत्त्याजवळ बजबजला एका गिरणीच्या दवाखान्यात कामाला लागली. हे एका वाक्यात लिहिलं खरं, पण मध्ये तिचे कितीतरी वाईट महिने गेले. आजही मागून कुणी हाक मारली तर ती दचकते. ताई म्हणायच्या, दचकू दे, दचकून पळत तर नाही ना आता.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी ताईंना सांगितलं, आता फार दिवस उरलेले नाहीत. आम्ही सगळे म्हणत होतो, टुनूला इतक्यात नको. ताईंनी माझ्याकडे नुसती एक नजर टाकली. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "टुनू, मी जाणार आहे. कधी ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, पण परत येणार नाही. आधी सांगीन म्हटलं होतं, म्हणून सांगते." मला तेव्हा ताईंचा रागच आला. टुनू उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. पुढचा रविवार, तिचा यायचा वार, आला नि गेला, ती आली नाही. "येईल," ताई म्हणत होत्या, पण जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांची मान दाराकडे वळायची. वाट बघणं त्यांच्याही वाट्याला आलं, ते बघून मला रडू यायचं... मग टुनू आली. हातात डबा, रजेचा अर्ज मंजूर झालेला. शेवटपर्यंत हलली नाही. मधल्या एका गुरुवारी ताईंना धरून बराकपूरला घेऊन गेली, आणि ताईंनी खांबाशी बसून तिथल्या एकेका मुलीला स्वतः सांगितलं. मुली रडल्या. त्यांना रडू दिलं.

तेराव्याला पुण्याहून भाऊसाहेबांचे धाकटे भाऊ आले होते. जेवणं झाल्यावर गॅलरीत बोलणं निघालं. दादा, आता इथे कोण आहे तुझं, सामान बांध, आमच्याकडे चल. ते मनापासून बोलत होते. टुनू बाकावर बसून विड्याची पानं पुसत होती. इतक्या वर्षांत मराठी तिला सगळं समजतं. तिचा हात थांबला. भाऊसाहेबांकडे बघून तिने विचारलं, "कबे?"

भाऊसाहेबांनी भावाकडे बघितलं, मग बाकाकडे. मला ताईंची फार आठवण आली.

"जायचं तर पेट्या लागतील, टुनू," भाऊसाहेब म्हणाले. "त्यांच्यावर तर तू बसली आहेस."

टुनू थोडी सरकली आणि भाऊसाहेब तिच्या शेजारी बसले.