साडूचा बायोडाटा, माझा फोटो

साडूच्या बायोडाट्याला माझा फोटो लावून मी नोकरीला अर्ज केला, आणि वर मुलाखतीलाही गेलो.

हे वाक्य जितकं सरळ लिहिलंय तितकं सरळ ते घडलं नाही. त्याच्यामागं एक नळी आहे. मटणाची.

निपाणीला आमच्या सासुरवाडीत जावयांची पंगत बसली की नळी थोरल्या जावयाच्या ताटात पडते. हा कायदा कुणी केलेला नाही, पण कुणी मोडतही नाही. थोरला मी. लग्न झाल्यापासून सासूबाई पातेल्याचा तळ ढवळून नळी शोधायच्या आणि माझ्या ताटात सोडायच्या. माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, शेजारी बसून साध्या फोडी खायचा. गडी अंगानं पैलवान, पण कधी तक्रार नाही. मी मात्र नळी ताटावर गरजेपेक्षा जरा जास्तच ठोकायचो.

यंदा मेव्हण्याच्या घरभरणीनंतरच्या जेवणात ती नळी साडूच्या ताटात गेली.

त्याचं कारण असं. साडू निपाणीतच तंबाखूच्या वखारीत कामाला होता. तिथला धंदा बसत चाललेला, म्हणून त्यानं दुसरी नोकरी शोधायला घेतलेली. इकडं बेळगावात माझीही तीच गत. मी एका फाउंड्रीत माल गाडीत चढवून पाठवण्याचं काम बघायचो. ऑर्डरी कमी झाल्या आणि मालकांनी "कळवतो" म्हणून घरी बसवलं. फरक एवढाच, की मला कुणी काही कळवलं नव्हतं आणि साडूला हुबळीहून, पुण्याहून कंपन्यांचे फोन यायला लागले होते. ते कसे, तर म्हणे एआयमुळं.

घरभरणीच्या दिवशी जेवायच्या आधी तो बाहेरच्या सोप्यात मांडी घालून सगळ्यांना ते दाखवत होता.

"आदी आपल्या बोलीत सांगायचं बघा, अण्णा," तो मला म्हणाला. मला तो अण्णाच म्हणतो. "सकाळी वखार उघडल्यापासनं काय काय करतो, ते सगळं. मग जाहिरात दावायची. ते सांगतंय, ह्यातलं हे हे त्यास्नी पायजे, हे वर घ्या. शेवटाला एकेक ओळ वाचायची आणि खोटी असंल ती खोडायची."

"खोटं बी लिवतंय व्हय रं ते?" सासऱ्यांनी विचारलं.

"आपण शेफारलो की ते बी शेफारतंय, मामा."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला ते वाक्य सुचलं नव्हतं.

मग त्यानं मुलाखतीचा सराव करून दाखवला. फोन कन्नडमधून प्रश्न विचारायचा, साडू कन्नडमधून उत्तर द्यायचा, आणि फोन त्याला सांगायचा, हे थोडक्यात सांगा, ते अजून खुलवा. कुस्तीच्या फडाला जमावं तसं सगळं सासर त्या फोनभोवती जमलं होतं. सासूबाई हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मशीन बी पाव्हण्यास्नी अवोजावो करतंय बघा!" त्या म्हणाल्या. मला तिथंच समजायला पाहिजे होतं की आज ती पळी कुठं वळणार.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत मी बायकोशी बोललो नाही. ती म्हणाली, "एका हाडकासाठी?" मी म्हणालो, "हाडकाचा प्रश्न न्हाय." हाडकाचाच होता.

पुढच्याच आठवड्यात साडूनं मला एक जाहिरात पाठवली. खानापूर रस्त्यावर एक काजूचा कारखाना आहे, तिथं गोदाम सांभाळायला माणूस हवा होता. खाली त्यानं लिहिलं होतं, 'अण्णा, तुमच्या अनगोळपासनं जवळ हाय. तुमास्नी बेस. अर्ज करा.' चांगला माणूस असता तर त्याला बरं वाटलं असतं. मला वाटलं, नळी स्वतः चोखली आणि पिचलेला तुकडा इकडं सरकवला. त्याच वेळी असंही वाटलं, की ह्यानं स्वतःही गुपचूप अर्ज केला असणार. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, पण जळणाऱ्या माणसाला तेवढा हिशेब जमत नाही.

मी ठरवलं, ही नोकरी मलाच मिळणार, आणि साडूपेक्षा भारी एआय वापरून मिळणार. घरी बसून कंटाळलो होतो, बायको शिलाईवर घर ओढत होती, ही कारणंही होती. पण खरं पेट्रोल कसलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

"तुझ्या बहिणीकडनं पाव्हण्यांचा बायोडाटा मागून घे की," मी बायकोला म्हणालो.

"कशाला?"

"नुसता बघायला."

"नुसता बघायला तर त्यांनाच मागा की."

"तू मागितलास तर बरं दिसतंय."

तिनं मशीनवरचं पाऊल न काढता माझ्याकडं बघितलं, आणि मागवून दिला.

मी तो एआयला दिला. खाली माझी माहिती लिहिली, ती चार ओळींत संपली. मग लिहिलं, 'वरच्या माणसापेक्षा माझा बायोडाटा भारी दिसला पाहिजे.' त्यानं अदबीनं विचारलं, यातला नेमका कोणता अनुभव तुमचा आहे? एवढ्यात दारात गॅस सिलिंडरवाला आला. मी घाईघाईनं लिहिलं, 'सगळा धर.'

त्यानं सगळा धरला.

सिलिंडर आत घेऊन येऊन वाचलं, तर मी मलाच ओळखीना. तंबाखूच्या वखारीत मालाची साठवण आणि ओलाव्यावर देखरेख. मी तंबाखूच्या पोत्याजवळनं गेलो तरी शिंकतो. कन्नड उत्तम लिहिता-वाचता येते. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं, आणि तेही भाव पाडताना अडखळणारं. शेवटी आवड: कुस्ती, निपाणीच्या तालमीत अनेक वर्षं मेहनत. माझं मनगट माझी बायको दोन बोटांत धरते.

खोटी ओळ खोडायची, हे साडूनं सांगितलेलं आठवत होतं. कुस्तीच्या ओळीवर बोटही नेलं. पण खरं सांगतो, खोडवेना. वाचता वाचता मला वाटायला लागलं की हे सगळं मुळात माझंच होतं, वाटणीत चुकून त्याच्याकडं गेलं होतं, आणि यंत्रानं न्याय करून परत आणून दिलं. मी वर माझा फोटो लावला आणि अर्ज पाठवून दिला.

बोलावणं आलं! मी बायकोला म्हणालो, "बघितलीस जादू?" ती म्हणाली, "कुणाची?"

मुलाखत घ्यायला कारखान्याचे मॅनेजर एकटेच होते. मान आणि खांदे यांच्यात फरक करता येत नव्हता. आणि त्यांचे दोन्ही कान मोडलेले होते, वाळक्या भज्यासारखे मिटलेले. आमच्या भागात असे कान बघितले की लोक 'नमस्कार पैलवान' म्हणतात. लाल मातीत डोकं घासल्याशिवाय असे कान होत नाहीत. मी खुर्चीत बसता बसताच माझ्या कानांवर केस ओढून घेतले.

"या, बसा," ते माझा अर्ज बघत म्हणाले. "कुस्ती करतासा?"

"आता कमी केलीया."

"निपाणीच्या तालमीत? मी बी तिथलाच की. वस्ताद कोण होते तुमचे?"

मी पाणी मागितलं. ते त्यांनी दिलं. ते पिऊन झालं. प्रश्न तिथंच होता.

"केस जरा मागं घ्या बघू," ते म्हणाले.

मी घेतले. माझे कान जन्मल्या दिवसासारखे ताठ आणि कोवळे उभे राहिले. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग पोट धरून हसायला लागले. मग मीही सगळं सांगून टाकलं. नळीसुद्धा.

हसून झाल्यावर त्यांनी पेन काढलं. "मग ह्यात तुमचं काय काय हाय?"

नाव, फोटो, फोन नंबर आणि फाउंड्री. त्यांनी त्या चारांभोवती गोल केले आणि उरलेला कागद लांब धरून वाचला.

"तुमचा माल लोखंडाचा, साहेब. त्यो कुठं बी टाका, कसा बी ठेवा. काजू दमट वाऱ्यानं बी मऊ पडतोय. तंबाखूच्या वखारीतला गडी ओल वळखतोय. हे उरलेलं कुणाचं म्हणालासा? नंबर द्या त्यांचा."

मी नंबर सांगितला. शेवटचा एक आकडा चुकीचा सांगितला. त्यांनी तिथंच, माझ्यासमोरच फोन लावला, आवाज मोठा ठेवून. पलीकडून एक बाई कन्नडमधून भांडायला लागली. मॅनेजर फोन बंद करून शांतपणे म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितला, सगळे आकडे बरोबर.

साडूनं फोन उचलला. मॅनेजरनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि माझी अब्रू राखली. "तुमच्या साडूंनी तुमची लई चांगली माहिती पाठवलीया," ते म्हणाले. "उद्या येऊन भेटा."

साडू पलीकडनं जवळजवळ ओरडलाच. "अण्णा हाईत व्हय तिथं? अण्णा, जाहिरात मी तुमच्यासाठी पाठवलीती, आणि तुमी माझाच अर्ज करून टाकलासा? स्वतःला नोकरी नसताना?"

मी म्हणालो, "आता आपल्यात काय त्याचं." अशी वाक्यं मला बरोबर वेळेला सुचतात.

त्याला नोकरी लागली. बिऱ्हाड बेळगावला आलं, आणि खोली मिळाली ती आमच्याच गल्लीत. आता रोज सकाळी तो माझ्या दारावरनं कामाला जातो आणि जाताना हाक मारतो, "येतो अण्णा!" मी अजून अर्ज करतोय. आता एकेक ओळ वाचतो, आणि बायोडाटा इतका छोटा होतो की जीव कळवळतो.

पहिल्या पगाराला त्यानं सगळ्या सासरला जेवायला बोलावलं. निपाणीहून सासू-सासरे आले. साडूनं माझ्या त्यागाची गोष्ट पुन्हा एकदा सगळ्यांना सांगितली, आणि सासरे म्हणाले, "थोरला तो थोरलाच." मी मान खाली घातली, नम्रपणासारखी दिसेल अशी. पंगत बसली. सासूबाईंच्या हातात पळी होती. मी पातेल्याकडं न बघता पळीकडं बघत होतो. ती माझ्यासमोर जराशी थांबली आणि पुढं सरकली, कारण आज घरधनी तो होता. नळी साडूच्या ताटात पडली.

त्यानं ती लगेच उचलली आणि दोन्ही हातांनी माझ्या ताटात ठेवली. "हा मान अण्णांचा."

मी "नको, नको" म्हणत असतानाच माझा हात नळीवर गेला होता. भाकरी वाढायला आलेली माझी बायको तिथंच थांबली.

"घ्या की," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तसं बी दुसऱ्याच्या ताटातलंच तुमास्नी गोड लागतंय."