एलपिदियोचा लाल सोफा

आमचा शेजारी एलपिदियो जन्मभर फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावर जीपनी, म्हणजे प्रवासी जीपगाडी, हाकत आला, पण मनातून तो सुतार. त्याच्या लेकीला, लुदिविनाला, मागणी घालायला मुलाचे आईवडील यायचे ठरले आणि याच्या अंगात वारं शिरलं. घरात बसायला बांबूचा एकच बाक.

"विहीणबाई त्याच्यावर बसल्या की लग्न तिथंच मोडलं," म्हणाला, आणि नार्राचं लाल लाकूड शोधायला मला ओढत घेऊन निघाला.

पाडलेल्या भातगिरणीच्या तुळया विकायला होत्या. सगळ्याच तांबड्या.

"रंग काय दोस्ता, कुणीही फासेल." त्यानं दोन तुळयांचा भुसा दोन पेल्यांतल्या पाण्यात टाकला नि उन्हात धरला. एक पाणी नुसतंच गढूळ. दुसरं निळं चमकायला लागलं. हाच खरा नार्रा. गडी तुळईला मिठी मारूनच बसला.

गिरणीवाला मला हळूच विचारतो, "ही तुळई यांची कुणी नातेवाईक का हो?"

सोफा मात्र देखणा झाला. व्हार्निश दिल्यावर तर भाजलेल्या डुकराच्या कातडीसारखा लालसर, तुकतुकीत. मग त्याची बायको सिमोना म्हणाली, "धूळ बसेल." आमच्याकडे नवी वस्तू उघडी ठेवतंय कोण? दोघांनी ओल्या व्हार्निशवरच प्लॅस्टिक ताणून बसवलं.

पाहुणे आले. एलपिदियोनं ऐटीत प्लॅस्टिक ओढलं, आणि टरटर करत व्हार्निशही सोबत निघालं. सोफ्यावर नुसते चट्टे. लुदिविनानं डोळे मिटून घेतले.

विहीणबाई वाकून बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे वळल्या. "बघा. आपल्या टेबलाचं तुम्ही हेच केलं होतं."

"मी कुठं? तुझ्या आईनं."

"आईनं सांगितलं. चढवलं कुणी?"

पहिली हसली लुदिविना, मग कुणालाच आवरेना. विहीणबाईंनी घागरा खोचला नि इसिस नावाच्या झाडाची पानं मागितली. कुंपणाशीच झाड होतं. पानं अशी खरखरीत, की लाकूड घासायला दुसरं काही नको. आम्ही सगळे जमिनीवर फतकल मारून सोफा घासायला लागलो. मागणी, लग्नाचा महिना, पंगतीची डुकरं कुणी आणायची, सगळं घासता घासताच ठरलं.

"आता व्हार्निश नीट वाळू दे," विहीणबाई म्हणाल्या. "आणि मी एवढी घासतेय, तेव्हा सोफा सुनेबरोबर आमच्या घरी."

एलपिदियो इतका हरखला होता, की लगेच हो म्हणाला. सिमोनानं हातातलं पान त्याच्या टकलावर घासलं.