दांड्याची उंची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. लिहिताना सोपं जाईल असं वाटलं होतं — जात नाहीये.

नागापूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी शेतीची अवजारं डिझाइन करते. माझं पहिलं काम म्हणजे हातानं ढकलायचं सायकल कोळपं — पुढे एक चाक, मागे तण कापणारं पातं, म्हणजे पास, वर दांडा. तुम्ही आमच्याकडची शेतं पाहिली असतील, तर हेही पाहिलं असेल: बाप्ये उभ्यानं कोळपतात, बाया उकिडव्या बसून खुरपतात. दिवसभर. मला ते बदलायचं होतं. खरंच.

मग दांड्यासाठी माप कुणाचं घेतलं? वर्कशॉपमधल्या फिटरचं. तो समोर होता, आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

चाचणी तिसगावला होती. बायांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड व्हायची — इंग्रजी शाळेतलं माझं मराठी ऐकून हसल्या तर? मी टेम्पोजवळच थांबले. चाचणीच्या फॉर्मवर मी आधीच लिहून टाकलं होतं: 'महिलांनी वापरून पाहिले, उंची योग्य.'

खुरपणाऱ्या बायांपैकी सुमनमावशींनी पहिल्यांदा कोळपं धरलं. दांडा पार छातीशी येत होता. चाक दोनदा ओळीबाहेर गेलं, कपाशीची चार रोपं आडवी झाली. त्यांचा दीर बांधावरून ओरडला, "वहिनी, बसा आपलं खाली! उभ्याचं काम बाप्यांचं हाय." सगळे हसले. मावशीही हसल्या, आणि खुरपं घेऊन बसल्या.

चूक दांड्याची आहे हे मला माहीत होतं. मीही बुटकी — आदल्याच दिवशी तेच कोळपं ढकलून माझे खांदे भरून आले होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले का? नाही.

पुढच्या हंगामात मी गुपचूप दांड्याला भोकं पाडून पिन बसवली, उंची कमी-जास्त करता येईल अशी. वर्कशॉपच्या साहेबांनी कौतुक केलं — मी ते घेतलं. आता तिसगावात बाया उभ्यानं कोळपतात, गप्पा मारत. तोच दीर कोळपं मागायला आला, तर "नंबर लावा, भाऊजी" म्हणतात. ते बघून मला फार बरं वाटतं. पण तेवढ्यानं ती दुपार पुसली जाते का?

परवा सुमनमावशी नव्या सुनेला शिकवत होत्या. "घाबरू नगं. मला बी पयल्यांदा न्हाई जमलं. माझेच हात वंगाळ."

हात चांगले होते. त्यांचं माप मी घेतलंच नव्हतं.