पांढऱ्या वाइनसाठी मक्याचा कीस

सूनबाईला डोंगरातल्या एका वायनरीत नोकरी लागून महिना झाला होता. ती इथेच परदेशात जन्मलेली, पण माझ्याशी हट्टाने मराठीत बोलते. तिथल्या मालकीणबाईंनी तिला सांगितलं, नव्या पांढऱ्या वाइनबरोबर शोभेल असा तुमच्याकडचा एक पदार्थ शनिवारी करून आण. पाहुण्यांना आवडला, तर पुढे वाइनसोबतचं खाणं तूच ठरवायचं. तिला ते काम फार हवं होतं.

गुरुवारी दुपारी ती ओट्याशी डोकं धरून बसली होती.

"आई, सगळं चुकतंय. रश्श्यावर ही वाइन घेतली की तोंड नुसतं जळतं. आणि बटाटेवड्यापुढे तिची टेस्टच लागत नाही."

"मग पिझ्झा ने," माझा मुलगा हॉलमधून म्हणाला.

"तू गप्प रे! कोकबरोबर पोहे खाणारा माणूस तू."

मी भांडी पुसत होते. तिने ग्लास माझ्यापुढे धरला. "पिऊ नका हवं तर. नुसता वास घ्या."

आमच्या घरात दारूला कधी कोणी हात लावला नव्हता. पण वास घ्यायला काय हरकत, म्हणून नाक जवळ नेलं आणि तशीच उभी राहिले. आधी गुलाब आला. त्याच्यामागून लिंबाचं पान चुरगळल्यावर येतो तो वास. ग्लास हातात जरा कोमट झाला, तेव्हा पिकायला आलेला पेरू.

"ह्यात अत्तर घालतात का गं?"

"काहीच नाही, आई. फक्त द्राक्षं. तीन जातींची, एकत्र केलेली."

मला खरंच वाटेना. मी पुन्हा पुन्हा वास घेत राहिले.

"पेरू मला आलाच नव्हता," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळतं हे?"

लग्न झाल्यापासून मी नैवेद्याचा स्वयंपाक करत आले. देवाला दाखवण्याआधी काही चाखायचं नाही. मीठ कमी की जास्त, ते वाफेवरून ओळखायचं. शाळा माझी चौथीत सुटली, हे मात्र रोज चालू राहिलं. पण एवढं सगळं तिला कुठे सांगत बसणार?

"लसूण नको," मी म्हटलं. "तिखटही बेताचं. काहीतरी गोडसर कर, ओलं खोबरं घालून."

फ्रिजमध्ये मक्याची कणसं होती. मी ती किसली, तुपात जिऱ्यावर परतली, दूध घालून वाफ काढली. हिरवी मिरची वासापुरती घालून काढून टाकली. वरून खोबरं आणि लिंबू.

"मीठ बघितलंत?"

"बरोबर आहे."

देवापुढे वाटी ठेवून आणली. सूनबाईने एक चमचा खाल्ला, घोटभर वाइन घेतली. मग तिने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला आणि ग्लास माझ्या हातात दिला. मनातल्या मनात देवाची माफी मागून मी एक घोट घेतला. आधी नुसतं आंबट लागलं. मग कीस खाल्ला, पुन्हा घोट घेतला, आणि नाकाला आलेला गुलाब जिभेवर उतरला.

शनिवारी तिच्याबरोबर मीही गेले आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले. पाहुण्यांनी पहिला घास खाल्ला आणि लगेच पुन्हा ग्लास उचलले. मालकीणबाई डोळे मिटून खात होत्या. नंतर त्या सूनबाईशी इंग्रजीत काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण ती धावत माझ्याकडे आली.

"आई, मिळालं! पण दर वेळी वास घ्यायला तुम्ही यायचं हं."

"मला तिथे कोणाशी बोलता येत नाही गं."

"कोणाशी नका बोलू. फक्त मला सांगा."

मी हो म्हटलं.

निघताना वेलींच्या रांगा टेकडीच्या माथ्यापर्यंत गेलेल्या दिसल्या. तिला विचारून मी द्राक्षाचा एक मणी तोडला आणि नाकाशी धरला. त्याला कसलाच वास नव्हता. फोडून पाहिला, तरी नव्हता. आत एवढं सगळं कुठे ठेवलेलं असतं, या विचाराने मी तिथेच उभी राहिले. सूनबाईने दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा गाडीत बसले.