शेजारच्या निकालाची सांदणं

जळण्यासाठी आपल्याकडे शब्दांची काय कमी? पोटात दुखतं, डोळ्यांत खुपतं, नाकाला मिरच्या झोंबतात. दुसऱ्याचं भलं झालं म्हणून आपल्याला आनंद होतो, त्याला मात्र मला शब्द सापडत नव्हता. तो मला हवा होता, कारण ती गोष्ट मी दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिली होती.

धसईच्या शाळेत मी आणि शेजारची मैत्रीण एकाच बाकावर बसायचो. ती फर्स्ट क्लासात पास झाली आणि मी इंग्रजीत उडाले. आमच्या आळीत पास झालेल्या मुलीच्या घरून सांदणं, म्हणजे फणसाच्या रसात वाफवलेल्या तांदळाच्या वड्या, वाटायची रीत होती. माझ्यासाठी आईनं बरका फणस पिकत घातला होता. मी रडत घरी आले, तोवर निकाल घरी पोचला होता; आई हाताला तेल लावून तोच फणस फोडत बसलेली. मैत्रिणीच्या घरचे पेरणीला शेतावर गेले होते, म्हणून तिची सांदणं आमच्या चुलीवर होणार होती.

"मी नापास झाले त्याची सांदणं वाटतेस?" मी ताट आपटलं.

"फणस पिकलाय गो. तो काय तुझ्या ऑक्टोबरपर्यंत थांबायचा नाय," आई म्हणाली. "आनि वाटायला तूच जायचं."

मी गेले, पण फणफणत. प्रत्येक दारात "शेजारची पास झाली" म्हणायचं, मग "आनि तू गो?" ऐकायचं, मग "इंग्रजीत गेले" सांगायचं. आळी एवढी लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटचं घर मैत्रिणीचंच. ती चुलीपाशी गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. सकाळपासून उपाशी.

"तू नापास झालीस. मी कंच्या तोंडानं हसू?"

मला असा राग आला! सांदण तोडून तिच्या तोंडात कोंबलं. "फर्स्ट क्लास हाय तुझा. खा आधी." ती रडतरडत चावायला लागली, आणि मला आनंद झाला. खोटा नाही, अगदी मनापासून. दिवसभर अंगात भरलेलं विष कुठे गेलं कुणास ठाऊक.

मग तिनं चार महिने माझं इंग्रजी घोटून घेतलं. फेरपरीक्षेचा निकाल आणायला दोघी धसईला गेलो. यादीत माझा नंबर दिसला आणि ही बया मला तिथेच सोडून पळाली. मागाहून मी गावात शिरले, तर प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. मी पास झाल्याची बातमी सांगायला मला एक माणूस उरला नव्हता. आयुष्यात इतक्या थाटात मी कुठल्याच आळीतून चालले नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. मुरबाडला एका प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या बाईंनी सहज सांगितलं, त्यांच्या बुद्धविहारात दुसऱ्याच्या भल्यानं होणाऱ्या आनंदाला 'मुदिता' म्हणतात. मी शब्द वहीत लिहिला आणि खजिना सापडल्यासारखी घरी आले.

आईनं दोनदा म्हणून पाहिला. "बरा हाय," ती म्हणाली. मग सुपातले तांदूळ निवडतानाच बोलली, "त्या दिवशी मी पन रडले होते गो, तू यायच्या आधी. तोंड धुतलं, मग फणस फोडायला घेतला."